प्रश्न कोणाला विचारले?

आमच्या वस्तीत अधूनमधून मानसशास्त्राचे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन येतात. झोप नीट लागते का? राग लवकर येतो का? उद्याची काळजी वाटते का? बायाबापड्या हसतात, "आमचं डोकं तपासायला आलेत" म्हणतात आणि सही करून मोकळ्या होतात. कागद आधी वाचायचा, मग सही करायची, ही कारकुनी पेशाने आम्हाला लावलेली सवय. त्यामुळे असे कागद आमच्याकडे वाचायला येतात.

अशाच एका विद्यार्थिनीला आम्ही विचारले, "ताई, माणसे कशी निवडलीत?" ती म्हणाली, "दुपारी जे घरी भेटले ते, काका."

आता दुपारी घरी भेटणार कोण? चाकणला पहिल्या पाळीला गेलेला भेटत नाही, धुण्याभांड्याला गेलेली माउली भेटत नाही, रात्रपाळी करून आलेला दार लावून पडलेला असतो. म्हणजे ज्यांची झोप उडाली, नेमके त्यांनाच वगळून झोपेचा अभ्यास होणार! मुलगी मनाची सरळ होती. तिने घरांची यादी केली, दर पाचवे घर घेतले आणि जिथे कुलूप दिसले तिथे रविवारी पुन्हा आली.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी दरवर्षी तिथे समाज लोटतो. पण तेवढ्यांनाच विचारून कोणी 'बौद्ध समाज समाधानी आहे' असे लिहिले, तर ज्याला सुट्टी मिळाली नाही, जो आजारपणाने घरी राहिला, त्याचे मन कागदावर कोण उतरवणार?

हा दोष जगभरचा आहे. मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतील संशोधनात सहभागी झालेल्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते, हे जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली जगासमोर ठेवले. मूठभरांना विचारायचे आणि 'मनुष्यस्वभाव असा असतो' म्हणायचे, हा कुठला न्याय?

उलट, योग्य माणसे निवडली की काय हाती लागते तेही पाहा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात पुकारली नाही तेव्हा दोन्हीकडची मुले बरोबरीची ठरली. सगळ्यांसमोर जात पुकारली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. बुद्धी तीच होती, जातीच्या उच्चाराने तिला वेसण घातली. फक्त सवर्ण मुले निवडली असती तर हे सत्य कधी उजेडात आले असते का?

निवड झाली तरी माणूस मोकळा असला पाहिजे. वस्तीतल्या एका कंत्राटी कामगार पोराने आम्हाला सांगितले, की त्यांच्याकडे पाळी सुटताना सुपरवायझरने फॉर्म वाटले आणि समोर उभे राहून भरून घेतले. 'कामाचा ताण वाटतो का?' सगळ्यांनी लिहिले, 'नाही.' ज्याची नोकरी उद्या तुटू शकते, तो दुसरे काय लिहिणार?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या बाजूची आहेत. माहिती समजेल अशा भाषेत मिळावी, संमती राजीखुशीची असावी, मधेच माघार घेतली तरी नुकसान होऊ नये. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलाचा होकारही विचारावा लागतो. मालकाच्या हाताखालचे कामगार आणि शिक्षकांच्या हाताखालचे विद्यार्थी यांच्याबाबतीत तर विशेष काळजी घ्यायची असते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, दार लावून घेऊ नका. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांची बाजू मांडली, म्हणून ती सरकारी दप्तरात नोंदली गेली. प्रश्नावली आली की आधी आपण विचारा: आम्हालाच का निवडले? आमचे नाव गुप्त राहील का? निष्कर्ष आम्हाला सांगणार का? सरळ उत्तर मिळाले तर खरे ते निर्भयपणे सांगा. आणि बारावी झालेल्या आपल्या लेकीला मानसशास्त्र शिकावेसे वाटले, तर "त्यात नोकरी कुठली" म्हणून अडवू नका. उद्या यादी करताना रात्रपाळीच्या घराचे दार तिला आठवेल.