काखमांजरी

मांजराच्या ओरखड्यातून माणसाला होणाऱ्या ज्या आजाराला वैद्यकात ‘कॅट स्क्रॅच डिसीज’ म्हणतात, त्याचे वर्णन पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे यांनी १९५० मध्ये केले; मात्र त्याला कारणीभूत असलेल्या ‘बार्टोनेला हेन्सेले’ या जिवाणूला नाव मिळण्यास १९९२ साल उजाडावे लागले. हा जिवाणू मांजराच्या रक्तात महिनोन्महिने राहतो, तरी मांजर सहसा आजारी दिसत नाही. एका मांजराकडून दुसऱ्याकडे तो पिसवांमार्फत जातो. अंग खाजवताना पिसवांची विष्ठा नखांत अडकते आणि ओरखड्यावाटे माणसाच्या कातडीत उतरते, त्यामुळे नखावर ठेवला जाणारा दोष मुळात पिसवांचा असतो.

प्रस्तुत लेखिकेच्या मनगटावर घरातील चार महिन्यांच्या पिलाने काढलेला ओरखडा इतका किरकोळ होता, की तो कोणाच्या लक्षातही राहिला नाही. आठवडाभरात तेथे पुटकुळी येऊन सुकली आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी काखेत लिंबाएवढी दुखरी गाठ उठून अंगात कसकस राहू लागली. घरातील वडीलधाऱ्यांनी तिला काखमांजरी ठरवून शेक सुरू केला. (या शब्दात मांजर दिसत असले तरी काखेतल्या कोणत्याही गळवाला तो लावला जातो, येथे तो योगायोगाने खरा ठरला.) प्रत्यक्षात ती सुजलेली लसिकाग्रंथी, म्हणजे हाताकडून येणारा लसद्रव गाळून त्यातील जंतू अडवणारी गाठ होती.

भारतात लांबलेली गाठ पाहून डॉक्टरांना प्रथम क्षय आठवावा, हे रास्तच आहे. सुईने काढलेल्या पेशींत ‘ग्रॅन्युलोमा’, म्हणजे दाहामुळे जमलेले पेशींचे पुंजके आढळले. परंतु असे पुंजके क्षयातही दिसतात आणि या आजारातही, त्यामुळे क्षयजंतू सापडले नसतानाही सहा महिन्यांच्या क्षयोपचाराची भाषा सुरू झाली. घरात मांजर आहे का, हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. तो दुसऱ्या डॉक्टरांनी विचारला, आणि रक्तातील प्रतिपिंडांच्या, म्हणजे शरीराने त्या जंतूविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांच्या, तपासणीने त्यांची शंका खरी ठरली. पाच दिवसांच्या अझिथ्रोमायसिननंतर गाठ आकसू लागली, तरी ती पुरती विरायला अडीच महिने लागले. निरोगी माणसात ती बहुधा औषधाविनाही विरते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत मात्र हाच जंतू रक्तवाहिन्यांच्या गाठी उठवून जिवावर बेतू शकतो.

पिलू घरातच राहिले; त्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने पिसवांचे औषध नियमित लावले जाऊ लागले. काखेत किंवा मानेत गाठ घेऊन दवाखान्यात जाणाऱ्याने घरात मांजर असल्यास ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे.