शितावरून भाताची परीक्षा

"आजी, बुधवारी माझा टेस्टर डे आहे," नातीनं चहा पिता पिता सांगितलं.

"मग घरून डबा नको ना?" मी विचारलं.

ती इतकी हसली, की कपातला चहा बशीत आला. मला वाटलं होतं, शाळेत खाद्यपदार्थांचा मेळावा वगैरे असेल. चौतीस वर्षं अमरावतीजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी, आणि लेकाकडे लेस्टरला आल्यावर एका साध्या इंग्रजी शब्दानं माझी अशी फजिती केली!

चाखून बघायचा असतो तो पदार्थ नव्हे, तर विषय. इंग्लंडमधली बरीच विद्यापीठं अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना एक दिवस बोलावतात. 'ओपन डे' निराळा. त्या दिवशी आईवडिलांसह जाऊन इमारती, वसतिगृहं बघायची. 'टेस्टर डे'ला मात्र मुलांनी खऱ्या प्राध्यापकांच्या वर्गात बसायचं, एखादं व्याख्यान ऐकायचं, मग दहा-पंधरा जणांच्या गटात चर्चा करायची. पुढची तीन वर्षं जे करायचं, ते एक दिवस करून बघायचं. आपल्याकडे म्हणतात ना, शितावरून भाताची परीक्षा, तसंच.

याची गरज का पडते, तेही नातीनंच समजावलं. तिकडे सोळाव्या वर्षी मुलं बहुधा तीनच विषय निवडतात. पदवीसाठी अर्ज करतानाही एकेका विषयाचं नाव लिहून करावा लागतो. आधी कॉलेजात शिरू, मग ठरवू, असं सहसा चालत नाही. एकदा आत गेल्यावर विषय बदलणं सोपं नसतं.

नातीचे तीन विषय होते रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी वाङ्मय. पहिले दोन तिच्या बाबांच्या इच्छेसाठी, तिसरा तिच्या स्वतःच्या. वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेसाठी नाव नोंदवून झालं होतं. आणि आता ही निघाली होती वाङ्मयाची चव घ्यायला!

आदल्या रात्री लेक माझ्या खोलीत आला. दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसला. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही हवी असली, की असाच बसायचा.

"आई, उद्या तू जा तिच्याबरोबर. आम्हा दोघांनाही रजा नाही."

"अरे, सतरा वर्षांची आहे ती. एकटी जाईल की."

"जाईल गं. पण येताना जरा बोल तिच्याशी. तू इंग्रजीची मास्तरीण. तुझं ऐकेल ती. सांग, गोष्टीची पुस्तकं काय, डॉक्टर होऊनही वाचता येतात."

मग त्यानं हिशेब मांडला. वर्षाला नऊ हजार पौंडांच्या वर फी, म्हणजे कर्ज आलंच. गेल्या काही वर्षांत हा विषय घेणारी मुलंही कमी होत चालली आहेत. शेफील्ड हॅलम विद्यापीठानं तर २०२२ साली इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र पदवी थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. "ज्या दुकानाला टाळं लागतंय, तिथे पोरीला कशाला पाठवायचं?" तो म्हणाला.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. इंग्रजी वाङ्मयात काय असतं, ते मी आयुष्यभर पाहिलं होतं. कवीचं नाव, जन्मसाल, कवितेचा सारांश, मध्यवर्ती कल्पना, दोन अलंकार. मी फळ्यावर लिहायची, मुली वहीत उतरवायच्या, परीक्षेत ओकायच्या. बी.ए.ला मीही तसंच केलं होतं. त्यासाठी तीन वर्षं आणि एवढं कर्ज?

बुधवारी आम्ही तासाभराचा आगगाडीचा प्रवास करून विद्यापीठात पोचलो. स्वागताच्या अर्ध्या तासात पालकांनाही बसू दिलं. एक प्राध्यापिका बोलायला उठल्या. साडी नाही, गाऊन नाही, पायात साधे कॅनव्हासचे बूट! त्या म्हणाल्या, की इंग्रजी वाङ्मय हा विद्यापीठात शिकायचा विषय तसा नवाच आहे. ऑक्सफर्डमध्ये त्याची स्वतंत्र अभ्यासशाखा १८९४ मध्ये सुरू झाली, केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये.

मी मनातल्या मनात हसले. आमचं मुंबई विद्यापीठ १८५७ चं. ऑक्सफर्डनं आपल्याच भाषेच्या वाङ्मयाला जागा दिली नव्हती, तेव्हा आमच्याकडची पोरं इंग्रजी कवितांवरचे प्रश्न सोडवत होती. साहेबानं आमच्यासाठी तो विषय मांडला, तो आम्हाला रसिक करण्यासाठी नव्हे, आज्ञाधारक करण्यासाठी. मग फळ्यावरून वहीत उतरवण्याची आमची सवय आली कुठून, याचं मला नवल वाटेनासं झालं.

अर्ध्या तासानंतर पालकांना गोड शब्दांत बाहेर काढलं. मी उपाहारगृहात जाऊन बसले. शेजारच्या टेबलावर एक उंचनिंच गोरा गृहस्थ कागदी पेला फिरवत बसला होता. बोलायला त्यानंच सुरुवात केली. तो प्लंबर होता. त्याच्या घरात विद्यापीठाचं तोंड आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मुद्दाम अशा घरांतल्या मुलांसाठीही हे दिवस ठेवतात, असं त्याला शाळेतून कळलं होतं.

"पोरगा सारखा वाचत असतो," तो म्हणाला. "पण वाचून पोट कसं भरणार, हे मला कुणी सांगत नाही."

मला क्षणभर वाटलं, हा माझ्या लेकाचाच भाऊ. माणसं सगळीकडे सारखीच. लेकराच्या पोटाची काळजी आधी.

चार वाजता नात बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"व्याख्यान कंटाळवाणं होतं," ती म्हणाली.

माझं काम सोपं झालं, असं मला वाटलं. मी बोलणार, तोच तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. "पण नंतर तासभर आम्ही एवढंच वाचलं. तू वाच ना, आजी."

छोटीशी कविता होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असलेली एक बाई. भांडी धुऊन झालेली, अंगणाचं फाटक उघडं, नळ मात्र वाहतोय. मी कागद उलटसुलट केला. "कुणाची आहे?"

"ते सांगत नाहीत. नाव नाही, साल नाही. फक्त वाचायचं आणि काय दिसतं ते बोलायचं."

आणि मला एकदम आठवलं. केंब्रिजचे आय. ए. रिचर्ड्स! विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता ते कविता वाचायला देत, आणि त्या उत्तरांवरून त्यांनी १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक लिहिलं. बी.ए.ला यावर मी टीप पाठ केली होती. पूर्ण गुण मिळाले होते. पण नाव झाकलेली कविता मात्र कुणी माझ्या हातात दिली नव्हती, आणि मीही कुठल्या मुलीच्या हातात दिली नाही.

मी पुन्हा वाचली. नाव नाही म्हटल्यावर काय बोलावं, तेच सुचेना. "ती कुणाची तरी वाट बघतेय," मी चाचरत म्हटलं.

"कुठे लिहिलंय?"

वर्गात मी पोरींना दटावायची, त्याच सुरात नात मला विचारत होती! मी चष्मा नीट केला. ओळीमागून ओळ बोट फिरवलं. आणि व्याकरणाच्या मास्तरणीला जे दिसायचं, ते दिसलं. "हे बघ. बाई उभी होती, भांडी धुतली होती, कुणी गेलं होतं. सगळा भूतकाळ. फक्त नळाचं पाणी वर्तमानकाळात आहे. बाकी सगळं होऊन गेलं गं. एवढंच अजून थांबलेलं नाही."

नात माझ्याकडे बघतच राहिली. "वर्गात हे फक्त एका मुलाला दिसलं होतं, आजी."

'टेन्स बदला' हा प्रश्न मी किती हजार वेळा तपासला असेल! त्या काळांच्या आड एखादं माणूस उभं असू शकतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी आगगाडीत कळलं. लेस्टर आलं तरी आम्ही बोलतच होतो. लेकानं सांगितलेलं काम मी विसरले नव्हते. ते मी केलं नाही.

रात्री पानं वाढली, तेव्हा लेकानं डोळ्यांनीच विचारलं, 'बोललीस?' मी तो कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "आधी हे वाच."

"बाईनं नळ बंद करायला हवा. पाणी वाया जातंय," तो हसत म्हणाला. मग परत वाचलं. मग हसला नाही. "आत्ताच कुणीतरी गेलंय घरातून."

"कुठे लिहिलंय, बाबा?" नातीनं विचारलं.

आणि जुंपली की बापलेकीची! फाटकावरून, नळावरून, कालच्या-आजच्या काळावरून. वरण निवलं. सूनबाईनं ते दोनदा गरम केलं.

शेवटी लेक म्हणाला, "असा दिवस वैद्यकीयचाही असतो का?"

"असतो."

"मग तोही बघून ये. दोन्ही बघ, मग ठरव. वैद्यकीयचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जायला हवा, बाकीच्यांना जानेवारीच्या मध्यापर्यंत मुदत आहे. तोवर मी काही बोलणार नाही."

एवढंच ठरलं. ती काय होईल, मला ठाऊक नाही. डॉक्टर झाली तरी चालेल. रोग्याचं बोलणं नीट ऐकून 'हे कुठे लिहिलंय' म्हणणारी डॉक्टर काही वाईट नसेल.

परत आल्यापासून एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आपल्याकडे दहावीचा निकाल लागतो आणि पंधरा-सोळा वर्षांचं मूल आठवड्याभरात कला, वाणिज्य, विज्ञान ठरवतं, तेही टक्के बघून आणि शेजाऱ्यांना विचारून. आंबे घेताना आपण एक फोड चाखून बघतो. आपल्या गावच्या कॉलेजनं उन्हाळ्यात एक दिवस दारं उघडली, चार वर्गांत चार विषय मांडले आणि पोरांना नुसतं बसू दिलं, तर खर्च काय येईल? फार तर खडू आणि चहा.

मी आमच्या जुन्या शाळेत विचारून आले आहे. मे महिन्यात एक वर्ग मिळेल म्हणाले. फळा नको, असं मी सांगितलं. नाव झाकलेल्या एका कवितेच्या वीस प्रती तेवढ्या हव्या आहेत.