तेहतीस कोटींचा स्क्रू

आमचे मेहुणे अमेरिकेत, इंडियाना राज्यात असतात. दोन-तीन वर्षांनी एकदा येतात आणि बॅगेतून प्रत्येकासाठी काहीतरी काढतात. यंदा त्यांनी आमच्या वेदाच्या तळहातावर बोटभर लांबीचा एक दगडी स्क्रू ठेवला. मला वाटलं, त्यांच्या कुठल्याशा यंत्राचा भाग तुटला असणार आणि आता 'भावोजी, बोहरी आळीत याचा जोड मिळतो का बघा' म्हणून मला पिटाळणार.

"भावोजी, हा स्क्रू नाही. प्राणी आहे."

बँकेत बावीस वर्षं काढलेला माणूस पुराव्याशिवाय मान डोलवत नाही. मी तो स्क्रू उलटासुलटा करून पाहिला. डोकं नाही, शेपूट नाही, नुसते आटे.

"आर्किमिडीज!" वेदा ओरडली.

"टबातून उठून पळाला तो?"

"त्याच्या पाणी उपसायच्या स्क्रूवरून याचं नाव ठेवलंय, बाबा. हा ब्रायोझोआ. सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वीचा."

तेहतीस कोटी म्हटलं की आम्हांला देव आठवतात. तेवढी वर्षं कुणी दाखवली नव्हती. सवयीने मी हिशेब केला: त्या वेळी कुणी एक रुपया चार टक्के सरळ व्याजाने ठेवला असता, तर आज व्याजच एक कोटी बत्तीस लाख झालं असतं. चक्रवाढीला मात्र कॅल्क्युलेटरने हात टेकले. अर्थात दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेकडे जाते.

आता इथे एक घरगुती बाब सांगायला हवी. गेले आठ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर एक संमतीपत्र पडून होतं. वेदाला बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्यायचं होतं आणि कागदावर पालकांची सही हवी होती. माझं म्हणणं, कॉमर्स घे, बँकेच्या परीक्षा दे, पंख्याखाली बस. दगड फोडायला घरची पोर कशाला? कागद पंख्याने उडायला लागला, तेव्हा सौ.ने तोच स्क्रू त्यावर ठेवला. ही बाई एक शब्द न बोलता बाजू घेते.

"पण हा प्राणी राहत होता कुठे?" मी विचारलं. चूक झाली. जेवण निवलं.

त्या काळी म्हणे इंडियाना विषुववृत्ताजवळ होतं आणि त्यावर उथळ, कोमट समुद्र होता. त्याच्या तळाशी हे लोक वसाहत करून राहत. लोक म्हणजे मिलिमीटरपेक्षाही लहान जीव. प्रत्येकाची स्वतंत्र खोली. खोलीच्या तोंडातून तंतूंचा झुबका बाहेर काढायचा, पाण्याबरोबर येईल ते बारीकसारीक खायचं आणि काही धोका दिसला की झटकन आत. मला आमची शाखा दिसायला लागली. इन्स्पेक्शनची गाडी आली की आम्ही दुसरं काय करतो?

या खोल्यांची मिळून एक दगडी जाळी होई. सगळ्या खिडक्या जाळीच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूने कितीही टकटक करा, कुणी दाद देणार नाही. (इथे मी गप्प बसलो.) ती जाळी गोल जिन्यासारखी वर वर चढत जायची आणि मधोमध चुन्याचे थर चढून जाड मळसूत्री खांब तयार व्हायचा. पुढे लाटांनी जाळी मोडते, उरतो बहुतेक वेळा नुसता खांब. तोच हा स्क्रू.

म्हणजे राबले जाळीतले आणि नाव राहिलं खांबाचं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काही स्क्रू डाव्या आट्यांचे, काही उजव्या आट्यांचे सापडतात. आमच्या युनियनमध्येही तसंच आहे. शिवाय जाळीचा तुकडा मोडून दुसरीकडे पडला, तर तिथे नवी वसाहत उभी राही. आम्ही याला बदली म्हणतो, पण आमच्याकडे त्यासाठी साहेबांना भेटावं लागतं.

"आपल्या पर्वतीवर नाही सापडायचा?"

"पर्वती लाव्हाची आहे बाबा. जेमतेम साडेसहा कोटी वर्षं."

म्हणजे कालचीच.

"याला नाव कुणी दिलं?" आता मीच विचारत होतो.

"डेव्हिड डेल ओवेन. १८३८."

"ओवेन? रॉबर्ट ओवेनचा कोण?"

"मुलगा," मेहुणे म्हणाले, "तुम्हांला कसा माहीत?"

अहो, बी.कॉम.ला सहकाराच्या पेपरात रॉबर्ट ओवेनवर टीप लिहूनच तर मी पास झालो! स्कॉटलंडमधला गिरणीवाला. सगळ्यांनी मिळून राबावं, मिळून खावं म्हणून १८२५ मध्ये त्याने इंडियानातलं एक अख्खं गाव विकत घेतलं आणि नाव ठेवलं न्यू हार्मनी. दोन वर्षांत भांडणं होऊन सगळं मोडलं. आमच्या सोसायटीची पार्किंगची सभा मी पाहिली आहे, दोन वर्षं म्हणजे पुष्कळच झाली. बापाची वसाहत फुटली, मुलगा त्याच गावात राहून दगड तपासत बसला आणि काही कोटी वर्षं चाललेल्या एका वसाहतीला त्याने नाव दिलं.

"त्यांच्यात भांडणं नव्हती," वेदा म्हणाली, "सगळे एकाच जीवापासून फुटलेले असतात ना."

एकुलती एक आहे. भाऊबंदकी कशी असते, तिला काय माहीत!

"मग हा डेव्हिड कॉलेजात भूशास्त्रच शिकला असेल?"

"पदवी डॉक्टरीची," मेहुणे म्हणाले, "डॉक्टर झाला आणि सरकारी भूशास्त्रज्ञाच्या नोकरीत शिरला."

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. स्क्रूखालून कागदाचा एक कोपरा फडफडत होता. मी स्क्रू उचलला, कागद ओढला, खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

वेदाने कागद हातात घेऊन नीट वाचला.

"बाबा, खाली 'सही पडताळली' असं लिहायचं नव्हतं."