प्लास्टर उतरल्यावर

पाय मोडल्यापासून आमचें सारें लक्ष एकाच दिवसाकडे लागलें होतें. तो म्हणजे प्लास्टर उतरण्याचा. १८५२ सालीं मथायसेन नांवाच्या डच लष्करी शस्त्रवैद्यानें ही युक्ति जगापुढें मांडली. भाजलेल्या जिप्समची पूड पाणी पिऊन घट्ट होते, एवढेंच तिचें मर्म. घट्ट होतांना तें कवच ऊन लागलें, तेव्हां कोणी मायेनें पायावर हात ठेवल्याचा भास झाला.

६ आठवड्यांनीं रुग्णालयांत तें करवतीनें कापलें. आंतून निघालेला पाय आमचा नव्हता! पोटरी वाळलेली, कातडी खवल्यांची, घोटा आखडलेला. हाड सांधेपर्यंत स्वस्थ बसलेले स्नायु झडतात, हें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. (सांगितलेंही असेल, आम्हीं ऐकलें नसेल.)

मग व्यायामासाठीं रोजची फेरी सुरू झाली. शिकविणारी नातीच्या वयाची. "आजोबा, आधीं टांच टेका, मग चवडा." ४० वर्षें पोरांना शिकविलेल्या आम्हांस हें ऐकणें जड जाई. एके दिवशीं आम्हीं रागानें कुबड्या भिंतीला टेकवून ठेवल्या. ती कांहीं बोलली नाहीं. शेजारच्या गृहस्थांना दांड्यांमध्यें उभें करूं लागली. चार पावलांतच त्यांचा सदरा घामानें भिजला, तरी ते पांचवें टाकूं पाहत होते.

आम्हीं कुबड्या मागितल्या. तिनें त्या दिल्या आणि म्हणाली, "आधीं टांच."