४० लाखांत आमदार होतो का हो?

पोस्ट जरा मोठी आहे, पण वाचा.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला जास्तीत जास्त ४० लाख रुपये खर्च करता येतात. २०२० च्या वाढीआधी ही मर्यादा २८ लाख होती. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, गाडी, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. त्या दरपत्रकाप्रमाणे हिशेब लावायचा आणि निकालानंतर ३० दिवसांत सादर करायचा. कागदावर एकदम चोख.

आता कुठल्याही टपरीवर विचारा, आपल्या मतदारसंघात एकेकाने किती उधळले? ४० लाख म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे जाहीर कार्यक्रमात बोलून गेले, की २००९ च्या लोकसभेला आपल्याला ८ कोटी लागले. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाची नोटीस आली. बोलला त्याला नोटीस. बाकीचे शहाणे, ते बोललेच नाहीत.

त्यात ही मर्यादा फक्त उमेदवाराला आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात जातं. आणि पक्षाला पैसा कोण देतं? निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, मग नावं बाहेर आली. त्यात मोठमोठी सरकारी कामं घेणारे कंत्राटदारही होते. कंत्राटदार काय पुण्य कमवायला पैसे देतो?

आमच्या धंद्याचंही सांगतो. वीसेक वर्षं तालुक्यात बातमीदारी करतोय. एका पेपरने निवडणुकीच्या तोंडावर आम्हा वार्ताहरांना टार्गेट दिलं होतं: बातमी नंतर, आधी उमेदवाराकडून पॅकेज आणा. मी आणलं नाही. निकालानंतर माझं मानधन बंद झालं. ज्यांची पॅकेजं आली, त्यांचे फोटो आठवडाभर 'बातमी' म्हणून छापून आले. तो रोकडा पैसा कुठल्या हिशेबात दिसणार?

नुकसान दोन ठिकाणी होतं. घातलेला पैसा रस्त्याच्या डांबरातून, शाळेच्या स्लॅबमधून वसूल होतो. आणि ज्याने गावात खरंच काम केलंय, असा सरपंच विधानसभेचं नावच काढत नाही. "आपली ऐपत नाही भाऊ," म्हणतो. मतदान व्हायच्या आधीच तो हरलेला असतो.

मग आपण काय करायचं? उमेदवाराचा खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक कार्यालयात कोणालाही बघता येतो. नियमात त्याची फी आहे १ रुपया! वेगळी फी भरून प्रतही मिळते. तुमच्या गावच्या सभेला किती खुर्च्या होत्या, किती गाड्या आल्या, जेवणावळी किती उठल्या, हे तुम्हाला माहीत असतं. पुढच्या निवडणुकीत तारखेसकट लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा. मग हिशेब काढून ताडून बघा.

कोणी सोबत येणार असेल तर इनबॉक्स करा. प्रतीची फी माझ्याकडून.