गप्प बसवलेला राखणदार

मरहूम अब्बांचे सारे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर होते. राखणीला विंडोज १० बरोबर मोफत मिळणारा डिफेंडर. मागच्या रमजानमध्ये उर्दूच्या प्रश्नपत्रिकेसाठी मी इनपेजची चोरीची प्रत डाउनलोड केली. (मूल्यशिक्षणाचा तासही मीच घेते!) डिफेंडरने ती लगेच अडवली. सोबतच्या सूचनेत होतं, 'आधी अँटीव्हायरस बंद करा.' केला. दुसऱ्या दिवशी एकही फोटो उघडेना. सगळ्या फायलींना कुलूप, आणि पडद्यावर २०१७ च्या वॉनाक्रायसारखी पैसे मागणारी चिठ्ठी. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, विकतचा घ्यायचा होता." पण फुकटच्याने वेळेवर सांगितलं होतं, त्याला गप्प मीच बसवलं. आपाकडच्या पेन ड्राइव्हवर एकोणीस फोटो सापडले. अब्बांचा हजचा त्यात नाही.