पेणमार्गे पेन

वीकएण्डला अलिबाग म्हटलं की सॅकमध्ये काय असतं? सनस्क्रीन, टोपी, चार्जर. माझ्या मित्राच्या सॅकमध्ये या वेळी एक पेन होतं. इटालियन, लिमिटेड एडिशन, अंगावर नंबर कोरलेलं फाउंटन पेन! पहिल्या बोनसमधून घेतलेलं. दोन वर्षं झाली, पण आत शाईचा थेंब गेलेला नाही.

'शाई भरली की रिसेल व्हॅल्यू गेली,' म्हणाला. आता फ्लॅटचा ईएमआय सुरू झालाय, पेन विकायचंय. समुद्रासमोर त्याचे फोटो काढायचे, एवढाच अजेंडा.

पेण येईपर्यंत 'पेणला पेन' हा पीजे तीनदा मारून झाला. वडखळ सोडलं आणि माझ्या खिशात निळा डाग! आजोबांचं एबोनाइटचं पेन, ड्रॉपरने शाई भरायचं. पोटात सगळ्यात जास्त शाई मावते ती याच प्रकारात. पण ते अर्धं रिकामं झालं की अंगाच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. उपाय सोपा, पेन कायम भरलेलं ठेवा.

शाई भरण्याची सगळी गंमत या हवेचीच आहे, बॉस! १९०५ मध्ये लंडनच्या ओनोटोने दट्ट्या आणला, १९२९ मध्ये पेलिकनने फिरवायचा पिस्टन. आजची लाखमोलाची पेनंही बहुतेक याच युक्त्यांवर चालतात.

अलिबागला ओहोटी होती. चालतच कुलाबा किल्ला गाठला. चुन्याशिवाय रचलेल्या त्या दगडांवर पेन ठेवून फोटोसेशन झालं. मला २००९ ची माँ ब्लाँची गांधी एडिशन आठवली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांसाठी २४१ पेनं, किंमत ११ लाखांच्या वर. त्यातल्या किती पेनांनी आजवर एक ओळ तरी लिहिली असेल?

भरतीआधी परतलो. संध्याकाळी होमस्टेच्या ओटीवर मी माझं पेन भरत होतो. मित्र बराच वेळ बघत बसला. मग हळूच म्हणाला, 'यात कशी भरतात रे?' दोन वर्षांत त्याला तेही माहीत नव्हतं!

मागचं बटण सैल केलं, दांडा बाहेर ओढला, निब शाईत बुडवली. 'आता एका दमात दाब.' दट्ट्या पुढे सरकतो तशी त्याच्या मागे पोकळी तयार होते. शेवटाला नळी जरा रुंद असते, तिथे दट्ट्याची पकड सुटते आणि शाई धावत आत शिरते. पेन पारदर्शक, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर. भस्सकन निळं!

तो लहान पोरासारखा हसला. मग माझ्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं, त्याखाली आईचं, त्याखाली ईएमआयचा आकडा.

विकायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पण काढलेले फोटो आता बाद झालेत. त्यातलं पेन रिकामं आहे.